चौदा अक्षरांचं जपानी मशीन

नोटीस हातात पडली तेव्हा इमॅन्युएल उजागरे सरांनी ती आधी वाचली नाही, तपासली. डावा समास बरोबर होता. विषयाची ओळ मध्यावर होती. 'सदरहू' आणि 'गाळा' यांच्यात एकच जागा सोडलेली होती. दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम भलत्याच ठिकाणी बसला होता. त्याच्याभोवती सरांनी सवयीने लाल पेन्सिलीने गोल केला, खाली 'ठीक' असं लिहिलं आणि मग नोटीस पहिल्यापासून वाचायला घेतली. नगरपंचायतीच्या व्यापारी संकुलातला गाळा क्रमांक सात हा वर्षभर वापरात नाही, सबब एकतीस मार्चच्या आत त्यात प्रत्यक्ष व्यवसाय सुरू करून दाखवावा, अन्यथा गाळा सील करून परत घेण्यात येईल, असा मजकूर होता. गाळा क्रमांक सात म्हणजे उजागरे टायपिंग इन्स्टिट्यूट.

गावाचं नाव सांगत नाही. नगर जिल्ह्यात श्रीगोंदा आणि नेवासा यांच्यामध्ये ते कुठेतरी आहे, एवढं पुरे. कारण असं की तिथल्या तहसिलात, नगरपंचायतीत, पोलीस ठाण्यात आणि साखर कारखान्याच्या ऑफिसात जेवढे म्हणून कारकून बसतात ते सगळे सरांच्या हाताखालून गेलेले आहेत, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना वाचायची सवय आहे.

सरकारने टाईपरायटरवरची परीक्षा बंद केली तेव्हा बाकीच्या इन्स्टिट्यूटवाल्यांनी संगणक आणले. सरांनी आणले नाहीत. संगणकावर चूक खोडता येते, आणि जिथे चूक खोडता येते तिथे शिस्त राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त विद्यार्थी आले नाहीत. अकरा टाईपरायटर भंगारात गेले. सर मात्र रोज नऊला गाळ्याचं शटर वर करत, रिकाम्या गाळ्यात खुर्चीवर बसत, आणि सहाला शटर खाली ओढून घरी येत.

आता कुणी म्हणेल, रिकाम्या गाळ्याचं एवढं काय? तर त्याचं उत्तर एस्तेरबाई. एस्तेरबाई म्हणजे सरांच्या पत्नी. मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "अहो, मला आता घर मिळालंय. दिवसा घरात पुरुष नको. सहाला या, जेवा, झोपा, माझी हरकत नाही." बाई वाईट नव्हत्या. एकतीस वर्षं इतरांच्या खोकल्यात काढल्यावर माणसाला शांतता लागते. आणि खरं सांगायचं तर सरांना स्वतःलाच दिवसा घरी बसण्याची भीती वाटत होती. सकाळी अकरा वाजता आपलं घर कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याबरोबरचे तिघे निवृत्त झाल्यावर घरी बसले. एक पायरीवर बसायचा, एक टीव्हीसमोर, एक खिडकीत. तिघांच्याही दफनाला सर जाऊन आले होते, आणि तिसऱ्याच्या वेळी चर्चचे पाळकसाहेब सरांकडे जरा जास्तच वेळ बघत होते. गाळा गेला तर नऊ ते सहा बसायचं कुठे, एवढा साधा प्रश्न होता, पण रात्री झोप येईना.

दुसऱ्या दिवशी सर नगरपंचायतीत गेले. परवाना विभागात राजनंदिनी बसते. सरांची शेवटच्या बॅचची, चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली. सरांना बघून ती उभी राहिली, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि मग नकार दिला.

"सर, टायपिंग आता व्यवसायाच्या यादीतच न्हाई."

"यादी कोणी टाईप केली?"

"मीच केली, सर."

"मग एक ओळ वाढव."

"यादी वरून येती, सर. मी फक्त टाईप करते."

हे सरांनीच तिला शिकवलेलं होतं. समोरच्या कागदात असेल ते टाईप करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. राजनंदिनीने अर्जाचा नमुना दिला आणि अट समजावून सांगितली. नवा व्यवसाय यादीतला हवा, आणि संकुलातल्या बाकीच्या अकरा गाळेवाल्यांची ना-हरकत हवी. सरांनी तिथेच आपल्या लेटरहेडवर अर्ज लिहून दिला, तो चौथ्या दिवशी परत आला. लेटरहेडवर जिल्ह्याचं जुनं नाव होतं. सरांनी ते खोडून वर नवं लिहिलं तर खाडाखोड म्हणून पुन्हा परत आला. आयुष्यभर खाडाखोडीचे गुण कापलेल्या माणसाला ही शिक्षा जरा जास्तच झाली.

अकरा जणांची ना-हरकत ही काय चीज आहे हे ज्याने संकुलात गाळा घेतला त्यालाच कळेल. चहाचं नाव काढलं की तीन चहावाले तोंड फिरवत. झेरॉक्स म्हटलं की दोघांना राग. किराणा, बी-बियाणं, मोबाईल, बांगड्या, वडापाव, सगळ्याला कुणी ना कुणी मालक बसलेलाच. पापड-लोणच्याचा विचार बोलून दाखवला तर बी-बियाणंवाल्याची बायको दुसऱ्या दिवसापासून पापड विकू लागली. शेजारच्या आठ नंबरमध्ये कानिफनाथ टेलर आहे. सरांच्या बाकावर बसून काजं करायची त्याची जुनी सवय. त्याने सुई दातात धरून तोडगा सांगितला.

"सर, कुनाच्या पोटावर पाय न येनारा धंदा एकच हाय. खेळ. नान्यावर चालनारं मशीन आना. त्यानं कुनाचंच काय जात न्हाई."

"खेळ?" सरांनी चष्मा पुसला. "कानिफनाथ, मी चर्चच्या मंडळीचा वडील आहे."

"यादीत हाय का नाय बघा."

यादीत होता. चौथ्या क्रमांकावर 'शैक्षणिक व करमणूक' असं एकत्र लिहिलेलं होतं. सरांनी त्यातल्या पहिल्या शब्दाकडे बघून दुसरा सहन करायचं ठरवलं.

मग सूर्यभान आला. सूर्यभान म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. जगातल्या यंत्रांचे दोन प्रकार, जपानी आणि भंगार, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. "कारखान्यात एक जपानी पंप हुता, सर. साहेब बदलले, चेअरमन बदलले, पंप न्हाई बदलला. घ्यायचं तर जपानीच घ्या, न्हाईतर घरी बसा." शेवटचे तीन शब्द त्याने सहज उच्चारले, पण सरांना रात्रभर तेच ऐकू येत राहिले. सूर्यभानचा भाचा सुनील भोसरीला गोदाम चालवत होता. जपानातून कंटेनर येत, त्यातली जुनी खेळाची मशीनं तो दुरुस्त करून मॉलवाल्यांना विकत असे.

तर फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सर, सूर्यभान आणि कानिफनाथ टेम्पोत बसून भोसरीला गेले. कानिफनाथला कुणी बोलावलं नव्हतं. पण काही घ्यायला जाताना शेजाऱ्याला नेलं नाही तर घेतल्यावर तो नावं ठेवतो, आणि नेलं तर तिथेच ठेवतो, म्हणजे परतीच्या वाटेवर तरी शांतता मिळते.

गोदामात तीस-चाळीस मशीनं बाजारातल्या बैलांसारखी रांगेत उभी होती. कानिफनाथ प्रत्येकाच्या मागे जाऊन बघत होता. सुनीलने एकेकाची ओळख करून दिली. पहिल्यात मोटार होती, खरी सीट आणि खरं स्टिअरिंग असलेली. कानिफनाथ हौसेने आत बसला आणि पुढची दहा मिनिटं त्याला बाहेर काढण्यात गेली. दुसऱ्यात दोन माणसं एकमेकांना तुडवत होती. सर म्हणाले, मारामारी नको, गावात आहे तेवढी पुरे. तिसऱ्याला दोन गुलाबी बंदुका होत्या. सर म्हणाले, पोलीस ठाणं समोरच आहे. चौथ्यात काचेच्या पेटीत बाहुल्या होत्या आणि वरून एक पंजा येऊन त्या उचलायच्या प्रयत्नात होता. ते सरांना आवडलं, पण बांगड्यांच्या दुकानात बनुबाई बाहुल्याही विकते, तिची हरकत येणार. पाचव्यावर उभं राहून नाचायचं होतं. सरांनी त्याच्याकडे न बघता पुढे चालायला सुरुवात केली.

आणि मग ते थांबले.

कोपऱ्यात एक बुटकं, पांढरं, बसून खेळायचं मशीन होतं. त्याला दांडा नव्हता, बंदूक नव्हती. समोर एका ओळीत बटणं होती, आणि प्रत्येक बटणाखाली अक्षर होतं. ए, बी, सी, डी. सर जवळ गेले. वर्षभरात प्रथमच त्यांची दहाही बोटं आपोआप वाकली आणि बटणांवर जाऊन बसली.

"हे काय आहे?"

सुनीलने मामाकडे पाहिलं. ते मशीन त्याच्याकडे दोन वर्षं पडून होतं. "सर, हे शैक्षणिक हाय," तो म्हणाला.

"अक्षरं क्रमाने आहेत. टंकलेखनाचा क्रम असा नसतो."

"लहान मुलांसाठी असंल."

"पण ही एनपर्यंतच आहेत. पुढची कुठे गेली?"

"पुढची पुढच्या मॉडेलला येत्यात, सर."

सरांना हे पटलं. प्राथमिक आणि उच्च अशा दोन पातळ्या त्यांच्या परीक्षेतही होत्याच. चौदा अक्षरांनंतर आणखी पाच बटणं होती, त्यांच्यावर जपानीत काहीतरी लिहिलं होतं. ती स्वल्पविराम, पूर्णविराम वगैरे असणार असं सरांनी मनाशी ठरवलं. सूर्यभानने मशीनच्या पोटाला कान लावून आवाज चांगला असल्याचं सांगितलं. कानिफनाथने बटणं मोजली आणि किंमत विचारली. दांड्याच्या मशीनला सहा बटणं, याला एकोणीस, आणि किंमत कमी. "सर, ह्याच्यात बटनं लई सुटत्यात," तो म्हणाला. मध्यमवर्गीय माणसाला एवढं कारण पुरतं. पडद्यावर हिरव्या टेबलावर छोट्या पांढऱ्या विटा मांडलेल्या दिसत होत्या, त्यांच्यावर ठिपके, काड्या आणि चिनी चित्रं. तिघांनीही त्या बघितल्या आणि तिघांनीही काही विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला कळलं नाही हे दुसऱ्याला कळतं. पैसे एस्तेरबाईंच्या निवृत्तीच्या रकमेतून आले. त्यांनी ते न बोलता दिले. दिवसाची शांतता त्यांनाही विकतच घ्यावी लागत होती.

मशीन गावात आलं ते म्हशीच्या वजनाचं. चार हमालांनी ते ओट्यावर चढवलं तेव्हा ओट्याचा कोपरा निघाला, त्याबद्दल नगरपंचायतीची वेगळी नोटीस आली. तिच्यात चूक नव्हती. मग विजेचं निघालं. जपानी मशीन शंभर व्होल्टवर चालतं. आपल्याकडे दोनशेतीस, तेही कागदावर. उसाचे पंप चालू झाले की दीडशे, बंद झाले की अडीचशेच्या वर. सूर्यभानने पाच दिवस खपून घरच्या घरी ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. तो गिरणीसारखा घरघरत असे, आणि त्याची वायर इतकी आखूड होती की प्लग मशीनच्या मागे भिंतीशी गेला. मशीन बंद करायचं तर ते ओढून पुढे घ्यावं लागे. सूर्यभान म्हणाला, "बंद कशाला करताय? जपानी हाय, चालू द्या." तेव्हापासून मशीन रात्रंदिवस चालू राहिलं.

नाण्यांची गोष्ट त्याहून अपमानाची. मशीनला शंभर येनचं नाणं हवं होतं. आपल्या सगळ्या नाण्यांना ते एकतर गिळायचं किंवा थुंकायचं. सुनीलने फोनवर सांगितलं की खालचं छोटं दार उघडा, आत एक लाल बटण आहे, ते दाबलं की नाणं पडल्यासारखं होतं. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक आलं की साठी उलटलेले उजागरे सर त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसणार, दारात हात घालून बटण दाबणार आणि भिंतीला धरून उठणार. ज्या सरांच्या समोर अर्ध्या तालुक्याने पाठ ताठ ठेवायला शिकून घेतलं, ते आता तालुक्याच्या चपलांच्या उंचीवरून बोलू लागले. दोन दिवसांनी त्यांनी युक्ती काढली. सकाळी एकदाच गुडघे टेकायचे, प्रार्थनाही तेव्हाच उरकायची आणि बटण साठ वेळा दाबून ठेवायचं.

अकराही ना-हरकती मिळाल्या, आता पोलिसांचा दाखला हवा होता. ठाण्यात राम हवालदार, तीस शब्द प्रति मिनिट, दोनदा नापास. तो सरांना बघून उठला, सलाम केला आणि विचारलं, "सर, ह्याच्यातनं पैसं सुटत्यात का?"

"नाही."

"बक्षीस?"

"नाही."

"मग जिंकल्यावर काय मिळतं?"

सरांनी विचार केला. "अजून कोणी जिंकलेलं नाही."

राम खूष झाला. "मग तसं लिहून द्या, सर. जुगाराचा प्रश्नच मिटला. ज्याच्यात कुणी जिंकत न्हाई, त्याला जुगार कसा म्हनायचा?" सरांनी रीतसर सत्यप्रतिज्ञापत्र केलं. 'सदरहू यंत्रावर आजवर कोणीही जिंकलेले नाही व भविष्यात कोणी जिंकण्याची शक्यता नाही.' समास दोन्हीकडून सारखा. सरांना आपलं हे वाक्य इतकं आवडलं की त्याची एक प्रत त्यांनी गाळ्यात फ्रेम करून लावली. आता धंदा करायला बसलेला माणूस असा फलक लावतो का? पण अक्षर सुरेख होतं.

फ्रेमचा परिणाम म्हणा किंवा मशीनचा, पहिल्या आठवड्यानंतर गिऱ्हाईक आलं नाही. आलेल्यांनी चौदाही अक्षरं दाबून पाहिली, विटा आल्या, विटा गेल्या, मशीन जपानीत काहीतरी चिडून बोललं आणि खेळ संपला. कॉलेजची मुलं "सर, ह्यात मारायचं कुनाला?" असं विचारून निघून गेली. सर एकटेच मशीनसमोर बसत. गाळ्यात आता रिकामी खुर्ची आणि एक जपानी बडबड होती. तरी सर खूष होते. नऊला येत होते, सहाला जात होते.

दुपारी एकला एस्तेरबाई डबा घेऊन येत. जेवण झालं की सर खुर्चीतच डुलकी घेत आणि बाई डबा परत न्यायला थांबत. या तासाभरात काय चालायचं हे सरांना ठाऊक नव्हतं, आपल्याला सांगायला हरकत नाही. बाई मशीनसमोर बसत. हॉस्पिटलात त्या अखेरची चौदा वर्षं स्टोअरला होत्या. बँडेज बँडेजपाशी, सुया सुयांपाशी, एकसारखं एका जागी, आणि नको ते बाहेर. मशीनचंही तेच होतं. चौदा विटा दिसायच्या, त्यातली नको ती अक्षर दाबून टाकून द्यायची, नवी यायची. ठिपके ठिपक्यांपाशी, काड्या काड्यांपाशी. त्यांनी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नव्हता, त्यांच्या वडिलांच्या घरात पत्ते म्हणजे सैतानाचं प्रार्थनापुस्तक. त्यामुळे आपण काय खेळतोय याची त्यांना शंकाही आली नाही. रोज एखादी वीट कमी पडायची आणि मशीन चिडायचं. त्या डबा उचलून घरी जायच्या. पण हल्ली त्या पावणेएकलाच यायला लागल्या होत्या, हे सरांच्या लक्षात आलं होतं. भाजीत मीठ कधी कमी, कधी जास्त होत होतं, हेही लक्षात आलं होतं.

सत्तावीस मार्चला पाहणी होती. राजनंदिनीने आदल्या दिवशी सांगून ठेवलं, "सर, पाहणीच्या टायमाला गाळ्यात एक तरी गिऱ्हाईक खेळत असलेलं पायजे. आप्पासाहेब स्वतः येनार हायेत." आप्पासाहेब म्हणजे बाजार निरीक्षक. सरांचीच एकोणीसशे शहाण्णवची बॅच.

गिऱ्हाईक कुठून आणायचं? कानिफनाथचं दुकान लग्नसराईच्या ब्लाऊजांनी भरलेलं. सूर्यभान म्हणाला, मी मशीन दुरुस्त करणारा, मी खेळताना दिसलो तर बिघाड वाटेल. शेवटी एस्तेरबाईच म्हणाल्या, "मी बसते." सरांनी त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलं. "काही करू नकोस. नुसती अक्षरं दाबत राहा, क्रमाने."

दोन वाजता आप्पासाहेब फाईल घेऊन आले, बरोबर राजनंदिनी. दोघांनी चपला बाहेर काढल्या. सरांनी ताठ उभं राहून माहिती द्यायला सुरुवात केली. हे यंत्र शैक्षणिक असून अक्षरओळख, बोटांचा सराव आणि एकाग्रता असे त्याचे तीन उपयोग आहेत. आप्पासाहेब मान डोलावत होते. फाईलमध्ये त्यांनी 'व्यवसाय सुरू' या रकान्यात बरोबरची खूण केलीसुद्धा. फक्त सही राहिली होती, आणि पेन चालत नव्हतं. राजनंदिनी पर्समध्ये दुसरं शोधू लागली.

एस्तेरबाईंना त्या दिवशी वीट कमी पडली नाही. शेवटचं बटण आपोआप लुकलुकायला लागलं. वॉर्डातल्या सतरा वर्षांत लुकलुकणारा दिवा दिसला की धावत गेलेल्या बाईंनी ते दाबलं.

मशीनमधून बँड वाजला. हिरवं टेबल गेलं, विटा नीट जुळवून वर मांडल्या गेल्या आणि खाली एक बाई आली. काळा कोट, पांढरा शर्ट, चष्मा. तिने वाकून नमस्कार केला. आप्पासाहेबांनीही अदबीने मान लववली.

"ह्या बाई शिकवत्यात का, सर?"

"असाव्यात," सर म्हणाले. त्यांच्या मनात आशेचा किरण आला. पुढच्या पातळीची अक्षरं आता ही बाई सांगणार असं त्यांना खरंच वाटलं.

बाईने चष्मा काढला. मग कोट काढला.

"उकडत असेल," एस्तेरबाई म्हणाल्या. मार्च महिना, पत्र्याचा गाळा, सगळ्यांनाच ते पटलं. आप्पासाहेबांनी रुमालाने मानही पुसली. मग बाईचा हात शर्टाच्या बटणाकडे गेला. एस्तेरबाईंचा डाव मोठा लागला होता, त्यामुळे पडद्यावरची बाई थांबेना.

सरांना कळायला वेळ लागला, पण कळल्यावर ते वेळ घालवणारे नव्हेत. प्लग भिंतीशी, मशीन म्हशीच्या वजनाचं. ते दोन्ही हात पसरून पडद्यासमोर उभे राहिले. सर मुळात किडकिडीत, पडदा एकोणतीस इंची. दोन्ही बाजूंनी दिसायचं ते दिसत राहिलं. राजनंदिनीने फाईल चेहऱ्यासमोर धरली. एस्तेरबाई खाली बघून डब्याचं झाकण लावू लागल्या, ते लागेना. बँड ऐकून कानिफनाथ सुईदोऱ्यासकट दारात आला. त्याने सरांच्या खांद्यावरून वरच्या विटा पाहिल्या, बाईकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"सर, ही तर रमी हाय की वो," तो आनंदाने म्हणाला. "तीन-तीनचे जोड लागल्यात बगा. बाईंनी लई झकास लावली."

आप्पासाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. भिंतीवर फ्रेम होती, ती त्यांनी वाचली, दोनदा वाचली.

"सर," शेवटी ते म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई असं मला म्हनता येईल. पन लिहिता येनार न्हाई. तुमीच शिकवलंय."

"हो," सर म्हणाले. त्यांचे हात अजून पसरलेलेच होते.

पंचनामा तिथल्या तिथे झाला. पंच म्हणून कानिफनाथची सही घेतली. त्याने ती रडत केली, कारण आपल्या तोंडून काय निघून गेलं हे तोवर त्याला कळलं होतं. शटर खाली ओढलं, कुलूप लागलं, कापडी पट्टी गुंडाळून लाख वितळवायला ठेवली. आत मशीन चालूच होतं. सील लावायच्या आधी आप्पासाहेब आणि राजनंदिनी दोघं सरांच्या पाया पडले. सरांचा हात सवयीने वर गेला. "यशस्वी व्हा," ते म्हणाले, आणि मग त्या दोघांनी सील लावलं.

घरी जाताना सर पुढे आणि एस्तेरबाई चार पावलं मागे, असे दोघं भर दुपारी गावातून गेले. संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला, सरांनी घेतला नाही. रात्री जेवण झालं. सरांच्या जिभेवर एक वाक्य आलेलं होतं, आणि त्यांना एवढंच वाटत होतं की आपण ते बोलायचं नाही. आयुष्यात एकदाही त्यांनी बाईंना तसं बोललेलं नव्हतं.

सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले, पिशवी घेतली आणि दारापर्यंत गेले. तिथे ते थांबले. एस्तेरबाई खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुला जिंकायची काय गरज होती?" सर दाराकडे बघत म्हणाले.

बाईंचा हात सुपात थांबला. त्यांना राग आला नव्हता. त्या खरोखरच विचार करत होत्या.

"मला काय ठाऊक, जिंकल्यावर काय होतं ते," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघांत आधी कुणी जिंकलं होतं का?"

सर मागे फिरले. एस्तेरबाईंनी सूप मांडीवर ओढून घेतलं आणि शेजारच्या खुर्चीवरचं धुणं उचललं. सर बूट घातलेलेच त्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर ठेवून. समोरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि सहा वाजायला खूप वेळ होता.